गाडी बंद पडली की आधी बॉनेट उघडू नका

माझं गॅरेज उंब्रजजवळ, पुणे-बेंगळुरू हायवेच्या सर्व्हिस रोडला आहे. सोबत एक छोटी क्रेन. साताऱ्याकडं नागठाणे-अतीतपर्यंत, खाली तासवडे टोलनाका ओलांडून कराडपर्यंत, आणि कधीमधी पाटणवरून कुंभार्ली घाटात, एवढा माझा पट्टा. २६ वर्षांत किती गाड्या ओढल्या ते मोजलं नाही. पण मी पोचतो तेव्हा समोरचं दृश्य बहुतेक वेळा एकच असतं: बॉनेट उघडलेलं, मालक आत वाकलेला, पाठ रस्त्याकडं. आत बघून त्याला काय कळतं देव जाणे. आजकालच्या गाडीत बॉनेटखाली काळं प्लॅस्टिकचं झाकण असतं आणि त्यावर कंपनीचं नाव. ते वाचायला कशाला उतरायचं?

बंद पडलेली गाडी जागची हलत नाही. भीती असते ती मागून येणाऱ्याची. ताशी ८० नं येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढं येते, १०० नं येणारी जवळपास २८ मीटर. तिच्या ड्रायव्हरला तुमची गाडी चालू आहे की उभी, हे कळायलाच दीड-दोन सेकंद जातात. तोवर ५० मीटर संपले, आणि त्यानं ब्रेकवर पायही ठेवलेला नाही. रात्रीची वेळ, पहाटेची डुलकी, पाऊस, हे धरलेलंच नाही. खाली जे सांगतोय ते सगळं त्या मागच्या माणसाला धरून आहे. गाडीचं काय झालंय ते मी येऊन बघेन.

तर गाडी धक्के खायला लागली, पिकअप गेला, काटा तापला, की पहिलं काम डावीकडं घ्यायचं. इंजिन बंद पडलं तरी गाडीत वेग शिल्लक असतो, तो डावीकडं जाण्यात खर्च करा. जागेवर ब्रेक मारून सेल मारत बसू नका. एक लक्षात ठेवा, इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक एक-दोन दाबांनंतर दगडासारखा घट्ट होतो. तो फेल झालेला नसतो, फक्त जास्त जोर लागतो. दोन्ही पायांनी दाबायची वेळ आली तर दाबा. आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल आणि गाडी जाईल तिकडं जाईल.

टायर फुटला असेल तर ब्रेकवर उडी मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप मंदावू द्या. मग त्याच फुटक्या टायरवर हळूहळू चालवत सर्व्हिस रोड, पेट्रोल पंप, ढाब्याचं पटांगण, जे सापडेल तिथं आणा. लोक म्हणतात, "रिम खराब होईल हो." होऊ दे. रिम मी भंगारातून आणून देतो. थांबायचंच असेल तर वळणावर, चढाच्या माथ्याच्या पलीकडं आणि पुलावर थांबू नका. आणखी २०० मीटर रेटता आली तर रेटा.

थांबल्या क्षणी लाल त्रिकोणाचं बटण, आपण ज्याला पार्किंग म्हणतो ते, दाबा. बॅटरी उतरेल म्हणून पार्किंग बंद करून अंधारात बसलेले लोक मी पाहिलेत. बॅटरी बरी असेल तर दोन-तीन तास पार्किंग चालल्यानं काही होत नाही, आणि उतरली तरी माझ्याकडं जंपर केबल आहे. उलट पावसात, धुक्यात चालत्या गाडीला पार्किंग लावून जाणाऱ्यांनी त्या बटणाची किंमत घालवलीय. मागच्याला कळतच नाही की हा चाललाय का थांबलाय.

आता उतरायचं. ड्रायव्हरच्या बाजूनं नाही. सगळे डाव्या दारानं. ड्रायव्हरनंही गिअर ओलांडून डावीकडूनच यायचं. पोट आडवं येतं, मान्य आहे, माझंही येतं. लहान मुलाला आधी कडेवर घ्या आणि मगच दार उघडा. त्याला "थांब हं" म्हणून सोडलं की ते थांबत नाही.

उभं कुठं राहायचं, हे फार लोकांना ठाऊक नसतं. गाडीच्या मागं नाही, पुढंही नाही. मागून धडक बसली की गाडी पुढं फेकली जाते, म्हणून पुढं सावलीत बसलेलं कुटुंब सगळ्यात धोक्याच्या जागी असतं. लोखंडी कठडा असेल तर कठड्याच्या पलीकडं, रस्त्यापासून लांब, आणि वाहनं ज्या दिशेनं येतात त्या दिशेला गाडीच्या थोडं मागं. तिथून येणारी गाडी तुम्हाला दिसते आणि धडक बसलीच तर पत्रे-काचा तुमच्यापासून लांब उडतात. आमच्या भागात कठड्याच्या पलीकडं पाय टाकताना टॉर्च मारा. कुठं गटार असतं, कुठं उसाचं पाणी सोडलेलं असतं, कुठं बिनकठड्याची विहीर. आणि पुलावर असाल तर रात्री दुभाजक ओलांडू नका. नदीवरचे पूल बऱ्याच ठिकाणी जोडीनं बांधलेत, दोन पुलांच्या मध्ये फट असते. अंधारात ती दुभाजकाच्या पलीकडच्या रस्त्यासारखी वाटते.

मग त्रिकोण. तुमच्या डिकीत, स्टेपनीच्या वरच्या गालिच्याखाली, एका लांबट डबीत लाल त्रिकोण आहे. मी उघडून देतो तेव्हा अर्ध्या गाड्यांत त्यावर शोरूमची पिशवी तशीच असते. आज घरी काढा आणि एकदा जोडून बघा. काही त्रिकोणांचे पाय आधी फिरवावे लागतात, मग दोन बाजू वर घेऊन टोकाला अडकवायच्या. हे अंधारात, पावसात, बायको ओरडत असताना पहिल्यांदा शिकायचं काम नाही.

तो गाडीला टेकवून ठेवायचा नाही. डिकीपासून पाच पावलांवर ठेवलेला त्रिकोण म्हणजे गाडीला लावलेला दागिना. हायवेला १०० मीटर मागं, म्हणजे माझ्या चालीनं १३० पावलं. गावाकडच्या रस्त्याला ५० मीटर पुरे. वळणाच्या किंवा चढाच्या पुढं गाडी असेल तर मीटर विसरा, त्रिकोण वळणाच्या, चढाच्या अलीकडं हवा. जाताना कडेकडेनं, वाहनांकडं तोंड करून, त्रिकोण जोडून छातीपुढं धरून चाला, म्हणजे त्यावर पडलेला प्रकाश तुमच्याच कामाला येतो. येताना कठड्याच्या आतून या. ट्रक गेला की वाऱ्यानं त्रिकोण आडवा होतो, म्हणून पायावर मुठीएवढा दगड ठेवा. दुपदरी रस्ता असेल तर समोरून येणाऱ्यांसाठी पुढंही काहीतरी लागतं.

त्या दगडाबद्दल थोडं थांबून बोलतो. त्रिकोण नसला की आपल्याकडं झाडाची फांदी आणि दगड. ट्रकवाले तर चार-पाच मोठे दगड ओळीनं मांडतात, चाकाला लावतात ते वेगळेच. फांदी ठीक आहे, काही नसण्यापेक्षा बरी, दिवसा तिचा अर्थ सगळ्यांना कळतो. रात्री ती दिसत नाही. पण दगड? गाडी दुरुस्त होते, क्लीनर उडी मारून चढतो, ट्रक जातो, दगड तिथंच. दुसऱ्या दिवशी पहाटे दूध घालायला निघालेला माणूस मोटारसायकलवरून त्यावर जातो. आमच्या वस्तादांचा मेहुणा असाच गेला. दोन्ही बाजूला किटल्या होत्या, दूध रस्त्यावरून गटारापर्यंत गेलेलं. तेव्हापासून वस्ताद काम संपलं की पाने पेटीत टाकायच्या आधी दगड उचलायला लावायचे. माझ्या पोरांनाही तेच वळण लागलंय, दुसऱ्याने ठेवलेले दिसले तरी गाडी थांबवून पायानं कडेला लोटतात.

स्टेपनी बदलायची असेल तर आधी ठरवा की बदलायची का. डावं चाक असेल, जागा सपाट आणि रुंद असेल, दिवस असेल, तर बदला. उजवं चाक, अरुंद कड आणि शेजारून ट्रक चाललेत, तर हात लावू नका.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, दिवाळीच्या सुट्टीतली. एका गृहस्थांची मोठी गाडी, मागचं उजवं चाक पंक्चर. फोनवर म्हणाले, दोन नट निघत नाहीत, पाना घेऊन या. मी पोचलो तर ते रस्त्याकडं पाठ करून उकिडवे बसलेले, ड्रायव्हरचं दार सताड उघडं, कारण गाणी ऐकायची होती. मी म्हटलं, "साहेब, आधी उठा, गाडी पुढं पंपावर नेऊ." "अहो, दहा मिनिटांचं तर काम आहे." मी वाद घातला नाही. म्हटलं, नट असा नाही निघणार, माझ्या गाडीत लोखंडी पाइप आहे, तो पान्याच्या दांड्यात घालून जोर लावू, चला धरायला. ते उठून माझ्यामागं आले. पाइप काढतोय तोवर लक्झरी बस गेली. आवाज टाळी वाजवावी तेवढाच. उघडं दार बिजागरीतून उलटं फिरून पुढच्या चाकाच्या पत्र्यावर जाऊन बसलं, आणि ते जिथं बसले होते तिथं नट ठेवलेली व्हील-कॅप चेपून ताटलीसारखी सपाट झाली होती. बस थांबलीसुद्धा नाही. टायरच्या दुकानात कुणीतरी मशिननं नट नको एवढे आवळले होते, म्हणून माणूस वाचला.

म्हणून दोन कामं घरी करून ठेवा. टायर बदलून आणला की आपल्या गाडीतल्या पान्यानं नट सुटतात का ते बघा, सुटत नसतील तर दुकानदाराला हातानं आवळून द्यायला सांगा. आणि फूट-दीड फुटाचा पाइप डिकीत टाका. बदलायच्या वेळी हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड (नंतर उचला), नट जॅक लावायच्या आधी अर्धा आटा ढिले, मग जॅक. जमीन पोचट असेल तर जॅकखाली फळी. गाडीत कुणी बसलेलं नको. वर उचललेल्या गाडीखाली हात, पाय, डोकं, काहीही घालायचं नाही. काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवा, जॅक सरकलाच तर गाडी चाकावर बसेल.

रात्रीसाठी एक युक्ती. डिकीचं झाकण वर केलं की बऱ्याच गाड्यांचे मागचे दिवे झाकणाबरोबर आकाशाकडं जातात, आणि तुम्ही मागं उभे राहिलात की उरलेले तुमच्या पाठीनं झाकले जातात. झाकणाच्या आतल्या बाजूला, खालच्या कडेला लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा. झाकण उघडं असलं की ती बरोबर मागच्याच्या तोंडासमोर येते. दुसरं, रस्त्यावरचे कामगार घालतात तसलं पोपटी जाकीट. दोनशे रुपयांच्या आत मिळतं. पण ते डिकीत नको, ड्रायव्हरच्या सीटखाली हवं. डिकीपर्यंत जायच्या आधीच ते अंगावर पाहिजे. मोबाइलचा टॉर्च येणाऱ्याच्या डोळ्यांवर मारू नका, स्वतःच्या गाडीवर आणि जाकिटावर मारा.

ऊस वाहणाऱ्या भावांनो, हे तुमच्यासाठी. हंगामात आमच्याकडं सगळ्यात भयंकर अपघात बंद पडलेल्या ट्रॉलीचे होतात. मागच्या ट्रॉलीचा टायर फुटतो, ट्रॅक्टर दुसरी ट्रॉली घेऊन कारखान्यावर जातो, आणि ही रात्रभर तशीच, ना दिवा ना माणूस. ऊस मागं तीन-चार फूट लोंबत असतो, त्यात रिफ्लेक्टर झाकला जातो. काळोखात कारवाल्याला पाचटाची भिंत दिसते ती थेट काचेत. रिफ्लेक्टरचं कापड उसाच्या टोकालाच बांधा. पाचट पेटवून इशारा देऊ नका, धुरात तर काहीच दिसत नाही. आणि ट्रॉलीच्या आडोशाला, तिच्याखाली कुणी झोपायचं नाही, कितीही थंडी असली तरी.

घाटाचं वेगळं. चढावर काटा तापला तर एसी बंद, जागा बघून थांबा, इंजिन गार होऊ द्या. रेडिएटरचं झाकण अर्धा तास तरी उघडू नका, फडक्यानं धरूनही नाही. माझ्या उजव्या हाताला मनगटापासून वर केस उगवत नाहीत, ते शिकाऊ असताना केलेल्या घाईमुळं. चढावर उभी करताना पहिला गिअर, हँडब्रेक, चाकं डोंगराच्या बाजूला वळवून. पावसाळ्यात कुंभार्लीसारख्या घाटात माणसांनी मात्र डोंगराच्या कुशीत उभं राहू नये, वरून दगड येतात. थोडं चालून रुंद जागा गाठा. बॉनेटमधून धूर येत असेल आणि जळका वास असेल तर इंजिन बंद, सगळे बाहेर, लांब. बॉनेट उघडलंत तर आत हवा जाऊन भडका उडेल. सीएनजीचा वास आला तरी तेच. पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका, पाणी इंजिनात ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि बिल बघून तुम्ही वाकता.

फोन. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, दिवसरात्र चालतो. जखमी असेल तर १०८, भीती वाटण्यासारखं काही असेल तर ११२. विम्याच्या पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीचा नंबर असतो, तो आजच मोबाइलमध्ये टाका. माझ्यासारख्याला फोन केलात तर जागा नीट सांगा. "कराडच्या अलीकडं, एक ढाबा आहे" असं सांगतात. अलीकडं म्हणजे कुणाच्या अलीकडं? आणि ढाबे काय एक आहे? रस्त्याकडेचा पिवळ्या माथ्याचा दगड बघा, त्यावर किलोमीटर असतो. मधे दर २०० मीटरला छोटे दगड असतात. आणि तोंड कुणीकडं आहे ते आधी सांगा, पुण्याकडं की कोल्हापूरकडं. मध्ये दुभाजक आहे, चुकीच्या बाजूला आलो तर मला वळून यायला पुढचा उड्डाणपूल गाठावा लागतो. व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवलंत तर उत्तमच, पण घाटात रेंज जाते, तेव्हा दगड कामाला येतो.

बाई एकटी असेल, रात्र असेल, तर मी काय सांगू? रस्त्याच्या हिशेबानं गाडीबाहेर, कठड्यापलीकडं सुरक्षित. पण अनोळखी माणूस जवळ आला तर गाडीत जाऊन दारं लॉक, काच दोन बोटं खाली, ११२ लावलेला. माझ्या मुलीला मी असंच सांगितलंय: कठड्यापलीकडं गाडीजवळ थांब, चावी हातात ठेव, आणि कुणी मदतीला आला तर त्याला म्हण, "क्रेन निघालीय, पप्पा पाच मिनिटांत पोचतायत." पप्पा पोचत नसले तरी. शहरात "तुमच्या गाडीतून ऑइल गळतंय" असं खुणावणारे भेटतात. त्यांच्यासाठी थांबू नका, पंपावर जाऊन बघा. खाली उतरून वाकलात की मागच्या सीटवरची बॅग गेली.

दुसऱ्याची गाडी बंद दिसली तर तुमची गाडी त्याच्या मागं चिकटवून लावू नका, एकाच्या जागी दोन गाड्या उडतील. पुढं लांब कडेला थांबा आणि कठड्याच्या आतून चालत या. कुणी जखमी असेल तर मदत करायला कचरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलंय, चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे.

शेवटी क्रेन आली की हुक लावायच्या आधी पैसे किती आणि कुठपर्यंत ते बोलून घ्या, गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर फोनवरच सांगा. तसल्या गाड्यांची चाकं रस्त्यावर फिरवत ओढली तर आतला सामान जळतो. तिला वर चढवून नेणारी सपाट गाडी लागते, ती मला कराडहून मागवावी लागते. आणि ओढलेल्या गाडीत कुणी बसायचं नाही, "एसी चालू ठेवतो, पोरं बसू द्या" हे चालणार नाही. आमच्या केबिनमध्ये तिघं बसतात. फक्त पाय ठेवायला साखळी जरा बाजूला सरकवावी लागते.